काचेपलीकडची मोजदाद

अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराबाहेर बसलेल्या कुटुंबाच्या हाती दिवसभरात अनेक कागद येतात. रक्त चढविण्याची संमती, गळ्यात नळी घालण्याची संमती, डायलिसिसची संमती, आणि दर काही तासांनी औषधांची नवी यादी. गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगातील काही मोठ्या, विशेषतः अध्यापन करणाऱ्या रुग्णालयांत या चळतीत आणखी एका कागदाची भर पडली आहे. रुग्णाच्या जिभेवरून, त्वचेवरून आणि विष्ठेतून कापसाच्या काडीने नमुना घेऊ द्यावा, अशी विनंती त्यात असते. त्या नमुन्याचा रुग्णाच्या आजच्या उपचाराशी काही संबंध नाही, हेही त्यात स्वच्छ लिहिलेले असते. वडील व्हेंटिलेटरवर आहेत, रक्तदाब औषधांच्या आधाराने टिकून आहे, आणि अशा वेळी समोरचा तरुण डॉक्टर विष्ठेचा नमुना मागतो आहे! इलाज सोडून हे कशाला, असा प्रश्न मुलाच्या किंवा सुनेच्या मनात उमटला तर त्यात गैर काही नाही. मात्र या प्रश्नाचे उत्तर गंभीर आहे, आणि ते दाराबाहेर बसण्याची वेळ येण्याआधीच समजून घेतलेले बरे.

मनुष्यदेहात स्वतःच्या पेशी किती आणि जिवाणू किती, याविषयी एक आकडा वर्षानुवर्षे पुस्तकांतून फिरत होता. पेशींच्या दहापट जिवाणू, असा तो आकडा. इस्रायलमधील वाइझमन संस्थेचे रॉन मिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये तो हिशेब नव्याने मांडला. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या देहात सुमारे 30 लाख कोटी पेशी आणि सुमारे 38 लाख कोटी जिवाणू, म्हणजे जवळपास बरोबरीचे प्रमाण, असे त्यांना आढळले. एवढ्या साऱ्या जिवाणूंचे वजन मात्र पाव किलोहूनही कमी, सुमारे दोनशे ग्रॅम भरते. त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यात राहतात. उरलेले तोंड, त्वचा, नाक अशा ठिकाणी विखुरलेले असतात.

हे जिवाणू फुकटचे भाडेकरू नव्हेत. अन्नातील जो तंतुमय भाग मनुष्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातील काही जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे लहानसे आम्ल तयार होते. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा या आम्लापासून मिळवतात. अस्तर धडधाकट असले की आतड्यातला मजकूर आतड्यातच राहतो. रक्तात झिरपत नाही. दुसरे काम याहूनही महत्त्वाचे. बाजारपेठेतील एखाद्या ओळीत सारे गाळे जुन्या दुकानदारांनी भरलेले असले की नव्याला पाय रोवायला जागा मिळत नाही. गाळे रिकामे झाले की मग कोण येऊन बसेल याचा भरवसा नाही. आतड्यात याच रीतीने जुने रहिवासी अन्न आणि जागा व्यापून ठेवतात, काही जण परक्याला मारक अशी द्रव्येही सोडतात, आणि क्लेबसिएला किंवा क्लॉस्ट्रिडिऑइडीस डिफिसिलसारख्या उपद्रवी जिवाणूंना पसरू देत नाहीत.

अतिदक्षता विभाग ही वैद्यकाची मोठी कमाई आहे. 1952 मध्ये कोपनहेगन शहरात पोलिओची भीषण साथ आली, तेव्हा श्वास बंद पडलेल्या मुलांच्या श्वासनलिकेत नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबत त्यांना दिवसरात्र जगविण्याची युक्ती भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी काढली, आणि शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबीत बसले. त्यातूनच पुढच्या वर्षी गंभीर रुग्णांसाठी वेगळा विभाग करण्याची कल्पना आकाराला आली. आज तेथे जे जे उपाय होतात त्यांतील जवळपास प्रत्येक उपाय जीव वाचवितो. परंतु त्यांतील जवळपास प्रत्येक उपाय आतड्यातील या वस्तीवर आघातही करतो. प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर उपयुक्त जिवाणूंनाही मारतात. जठराला व्रण होऊ नये म्हणून दिलेली आम्लविरोधी औषधे जठरातील आम्लाचा पहारा उठवतात. वेदनाशामक अफूजन्य औषधांनी आतड्याची हालचाल मंदावते. रक्तदाब टिकविणारी औषधे आतड्याकडील रक्तपुरवठा कमी करू शकतात. तोंडाने जेवण बंद होते. नळीतून जाणाऱ्या तयार आहारात बहुधा तंतू कमी असतात किंवा नसतातच. मुखशुद्धीसाठी आणि अंग पुसण्यासाठी वापरलेल्या क्लोरहेक्सिडिनने तोंड आणि त्वचेवरची वस्तीही धुऊन निघते.

प्रतिजैविकांच्या वापराचा आवाका किती असावा? 13 सप्टेंबर 2017 या एकाच दिवशी 88 देशांतील 1150 केंद्रांच्या अतिदक्षता विभागांत एक पाहणी झाली. पंधरा हजारांहून अधिक रुग्णांपैकी 54 टक्क्यांना जंतुसंसर्ग झालेला किंवा होण्याचा संशय होता. प्रत्यक्षात प्रतिजैविक चालू होते 70 टक्क्यांना. मधल्या सोळा टक्क्यांत सारे अनाठायीच, असे म्हणता येणार नाही. शस्त्रक्रियेनंतर प्रतिबंधक म्हणूनही ही औषधे देतात. परंतु अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या दर दहांपैकी सात जणांच्या आतड्यावर ही फवारणी होतेच, एवढे त्यावरून दिसते.

आता नमुन्यांकडे वळू. गंभीर आजारात आतड्यातील समतोल बिघडतो, हा डॉक्टरांचा जुना अंदाज होता. तो मोजून पाहण्याचे साधन मात्र नव्हते. प्रयोगशाळेत जंतूंची पैदास करण्याची, म्हणजे कल्चरची, जुनी पद्धत येथे तोकडी पडते, कारण आतड्यातील बहुतेक जिवाणू हवेचा स्पर्शही सोसत नाहीत आणि काचेच्या बशीत सहजी वाढत नाहीत. जे वाढतात ते बहुतांशी उपद्रवी. म्हणजे कल्चरचा अहवाल चोर पकडतो, पण गावात सज्जन किती उरले हे सांगत नाही. जिवाणूंच्या जनुकांतील एक ठरावीक तुकडा, ज्याला 16 एस म्हणतात, तो वाचून कोणत्या जातकुळीचे किती जिवाणू आहेत हे काढण्याची पद्धत स्वस्त आणि जलद झाली, तेव्हा ही मोजदाद शक्य झाली.

या दिशेने झालेला एक महत्त्वाचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडा येथील चार केंद्रांत, निरनिराळ्या कारणांनी अतिदक्षता विभागात आलेल्या 115 रुग्णांच्या विष्ठेचे, तोंडाचे आणि त्वचेचे नमुने घेण्यात आले. पहिला नमुना दाखल झाल्यापासून 48 तासांच्या आत; दुसरा विभागातून बाहेर पडताना किंवा दहाव्या दिवशी. अतिदक्षतातज्ज्ञ पॉल विशमायर आणि सूक्ष्मजीवसमूहांचे अभ्यासक रॉब नाइट हे त्यातील प्रमुख. तुलनेसाठी निरोगी माणसे हवीत. त्यांची तरतूद आधीच झालेली होती. अमेरिकन गट प्रोजेक्ट या उपक्रमात हजारो सामान्य नागरिकांनी स्वतःच्या विष्ठेचे नमुने टपालाने पाठवून दिले होते. त्याखेरीज लहान मुलांच्या नमुन्यांची, घरातील पृष्ठभागांवरच्या जिवाणूंची आणि कुजत्या मृतदेहांवरील जिवाणूंचीही नोंद तुलनेच्या भांडारात होती. ऐकताना अंगावर काटा येतो. पण रुग्णाच्या नमुन्यातील जिवाणू नेमके कोणत्या प्रकारच्या वस्तीशी जुळतात, हे गणिताने काढायचे तर सर्व प्रकारच्या वस्त्या हाताशी असाव्या लागतात.

निष्कर्ष अभ्यासकांनाही धक्का देणारे होते. आरोग्याला पोषक मानले जाणारे अनेक जिवाणू रुग्णांमध्ये लक्षणीय घटलेले होते. दाह शमविणारा आणि ब्युटिरेट निर्माण करणारा फिकॅलिबॅक्टेरियम हा त्यांतील एक. उलट रोग उत्पन्न करणारे म्हणून ओळखीचे असलेले जिवाणू वारंवार माजलेले दिसले. विष्ठेचा नमुना विष्ठेसारखा, त्वचेचा त्वचेसारखा दिसावा ही साधी अपेक्षा. अनेक रुग्णांत तीही पुरी झाली नाही. आणि हा पालट दहा दिवसांत हळूहळू झालेला नव्हता. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांतच घडी विस्कटलेली होती, आणि त्याच रुग्णाचा दुसरा नमुना पहिल्याहून पुन्हा वेगळा निघत होता.

येथे थोडे थांबून, असा नमुना मिळविणे किती अवघड असते ते पाहावे लागेल, कारण या शास्त्राचे बळ आणि दुबळेपण दोन्ही त्या कापसाच्या काडीत आहे.

पहिली अडचण अगदी घरगुती आहे. गुंगीची आणि अफूजन्य औषधे चालू असलेल्या, पोटात अन्न न गेलेल्या रुग्णाला चार-चार, पाच-पाच दिवस शौचाला होत नाही. मग 48 तासांच्या आत विष्ठा आणायची कोठून? म्हणून पुष्कळ ठिकाणी गुदद्वारातून स्वॅब घेतात. काडीवर विष्ठेचा डाग दिसत असेल तर त्याचा निकाल विष्ठेच्या नमुन्याशी बराच जुळतो. कोरडी काडी निघाली तर त्वचेवरचे जिवाणूच वाचले जाण्याचा धोका. परिचारिकेने काडी नीट पाहिली की नाही, यावर लाखो रुपयांच्या यंत्राचा निकाल अवलंबून असतो.

दुसरी अडचण वेळेची. रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचतो तेव्हा त्याला आधीच्या दवाखान्यात किंवा अपघात विभागात प्रतिजैविकाचा पहिला डोस मिळून गेलेला असतो, आणि जंतुदोषाच्या रुग्णात तो तसा लवकर मिळायलाच हवा. संशोधनासाठी तो लांबविता येत नाही. त्यामुळे पहिल्या नमुन्यात दिसणारा बिघाड आजाराचा किती, औषधाचा किती आणि रुग्णाच्या आधीच्या मधुमेहाचा किंवा वयाचा किती, हे वेगळे काढणे फार कठीण. आजारापूर्वीचा नमुना तर कोणाचाच नसतो. दुकान जळाल्यावर विम्याचा दावा करायचा आणि आगीच्या आदल्या दिवशीचा मालसाठा कोठेही लिहिलेला नाही, अशी ही अवस्था आहे.

तिसरी अडचण आकड्यांची. ती व्यापारी कुटुंबांना इतरांपेक्षा लवकर कळेल. जनुकवाचनाची ही पद्धत एकूण किती जिवाणू आहेत हे सांगत नाही. शंभरांत कोणाचा वाटा किती, एवढेच सांगते. गोदामात गव्हाची शंभर आणि ज्वारीची दहा पोती आहेत. गव्हाची नव्वद पोती चोरीला गेली. आता ज्वारीचा वाटा निम्मा झाला, पण ज्वारीचे एकही पोते नव्याने आलेले नाही. रुग्णाच्या आतड्यात एन्टरोकॉकस वाढला, असे अहवाल म्हणतो तेव्हा तो खरोखर माजला आहे की बाकीचे मेल्यामुळे मोठा दिसतो आहे, हे वेगळी मोजणी केल्याखेरीज कळत नाही. शिवाय मेलेल्या जिवाणूचे जनुकही वाचले जाते; जिवंत कोण आणि मृत कोण हा भेद या पद्धतीला नाही.

चौथी अडचण फुप्फुसातील किंवा त्वचेवरील नमुन्यांत विशेष जाणवते. तेथे मुळात जिवाणू थोडे. मग वापरलेल्या रसायनांत, हातमोज्यांत, बाटलीत चुकून आलेल्या जिवाणूंचाच अंश मोठा ठरू शकतो. म्हणून जबाबदार प्रयोगशाळा रुग्णाच्या नमुन्यांबरोबर कोऱ्या काड्यांचीही तपासणी करतात. कोऱ्या काड्यांचा उल्लेख नसलेला अभ्यास कितीही आकर्षक असला तरी जपूनच वाचावा.

आणि एक अडचण अशी की जिच्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही. जो रुग्ण दुसऱ्या नमुन्यापूर्वीच दगावतो, त्याचा दुसरा नमुना कधीच मिळत नाही. जो चौथ्या दिवशी बरा होऊन वॉर्डात गेला त्याचा नमुना धावपळीत राहून जातो. हाती उरतात ते बहुधा मधले, लांबलेले रुग्ण. त्यांच्यावरून काढलेले अनुमान सर्वांना लागू करताना ही गाळणी लक्षात ठेवावी लागते.

इतक्या मर्यादा असूनही निरनिराळ्या ठिकाणच्या अभ्यासांतून एक चित्र पुन्हा पुन्हा उभे राहते. न्यूयॉर्कमध्ये 301 रुग्णांचे अतिदक्षता विभागात दाखल होतानाच गुदस्वॅब घेतले गेले. ज्यांच्या आतड्यात एन्टरोकॉकसचे वर्चस्व होते त्यांना पुढे जंतुसंसर्ग किंवा मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक आढळले. मिशिगन विद्यापीठातील रॉबर्ट डिक्सन यांच्या गटाने 2016 मध्ये दाखविले की सेप्सिस आणि तीव्र श्वसनविकाराच्या रुग्णांच्या फुप्फुसांत आतड्यातील जिवाणू सापडतात. स्टॅनफर्डमधील अमी भट यांच्या गटाने 2018 मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलेले जंतू त्याच रुग्णांच्या विष्ठेतील जंतूंशी जनुकाच्या अक्षरानअक्षर ताडून पाहिले, आणि अनेकांत ते तंतोतंत जुळले. म्हणजे रक्तात शिरलेला चोर नेहमीच सलाइनच्या नळीतून किंवा कोणाच्या अस्वच्छ हातातून येतो असे नाही. कधीकधी तो घरातलाच असतो. हे कळल्याने हात धुण्याचे महत्त्व तसूभरही कमी होत नाही. पण सारे नियम पाळूनही रुग्णाला संसर्ग झाला, तेव्हा परिचारिकेवर ओरडण्याआधी ही शक्यता नातलगांना ठाऊक असावी.

मग उपाय सोपा वाटतो: चांगले जिवाणू गेले, तर चांगले जिवाणू द्यावेत. बाजारात प्रोबायोटिकच्या गोळ्या, पुड्या, बाटल्या यांची रेलचेल आहे, आणि काळजीने व्याकुळ झालेले कुटुंब त्यांतली एखादी पुडी पिशवीतून घेऊन येतेही. याच टप्प्यावर मोठा धोका आहे. नेदरलँडमध्ये स्वादुपिंडाचा तीव्र दाह झालेल्या 298 रुग्णांवर असा प्रयोग झाला आणि 2008 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना प्रोबायोटिक मिळाले त्यांत मृत्यूचे प्रमाण 16 टक्के होते. ज्यांना निरुपद्रवी नकली पावडर मिळाली त्यांत 6 टक्के. प्रोबायोटिक घेतलेल्या नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठाच खंडित झाला होता. दुसऱ्या गटात असा एकही नव्हता. पुढे कॅनडा, अमेरिका आणि सौदी अरेबियातील 44 अतिदक्षता विभागांत, व्हेंटिलेटरवरील 2650 रुग्णांवर लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस या जिवाणूचा प्रयोग झाला. 2021 मध्ये आलेला निष्कर्ष असा: व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया प्रोबायोटिक घेतलेल्यांत 21.9 टक्के, न घेतलेल्यांत 21.3 टक्के. लाभ शून्य. उलट पंधरा जणांच्या शरीरात जेथे असू नये तेथे तो लॅक्टोबॅसिलसच सापडला. दुसऱ्या गटात असा एकच रुग्ण होता. बॉस्टनमधील एका बालरुग्णालयात तर रक्तात सापडलेला जिवाणू आणि पुडीतला जिवाणू एकच असल्याचे जनुकवाचनाने सिद्ध झाले.

घरी निरोगी माणसाने वाटीभर ताजे दही खाणे आणि ज्याचे आतडे अर्धवट उपाशी, रक्तपुरवठा क्षीण आणि प्रतिकारशक्ती कोलमडलेली आहे अशा रुग्णाच्या नळीत कोट्यवधी जिवाणू ओतणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. डॉक्टरांच्या संमतीवाचून असे काही देऊ नये, चमचाभरसुद्धा नाही. अतिदक्षता विभागात पुडी फोडणाऱ्या हातावरून ते जिवाणू शिरेतील नळीपर्यंत पोहोचू शकतात, म्हणून काही विभागांत त्या पुड्या रुग्णाच्या खाटेजवळ उघडण्यासही मनाई असते.

याचा अर्थ जिवाणू देण्याची कल्पनाच फोल, असा नाही. भारतातूनच याचे उलट उदाहरण देता येते. ओडिशातील खेड्यांत पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी 4500 हून अधिक नवजात बालकांवर प्रयोग केला. जन्मानंतर काही दिवसांतच त्यांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम आणि त्या जिवाणूचे खाद्य म्हणून एक प्रकारची शर्करा देण्यात आली. सेप्सिस किंवा मृत्यू यांचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर त्याची दखल घेतली गेली. पण ती बालके मुदतीच्या आसपास जन्मलेली, पुरेशा वजनाची, स्तनपान घेणारी होती. तेथे वस्ती नव्याने बसत होती. अतिदक्षता विभागात बसलेली वस्ती उद्ध्वस्त होत असते. एकाच औषधाचे दोन ठिकाणी असे विरुद्ध गुण का दिसतात, हे समजण्यासाठीच नमुन्यांची गरज आहे.

विष्ठा प्रत्यारोपण हा शब्द शाकाहारी, शुचितेविषयी दक्ष अशा घरात उच्चारतानाही संकोच वाटेल. पण वारंवार उलटणाऱ्या डिफिसिलच्या अतिसारावर निरोगी दात्याची प्रक्रिया केलेली विष्ठा आतड्यात सोडण्याचा उपाय 2013 मध्ये डच संशोधकांनी तपासला. सोळांपैकी तेरा रुग्ण पहिल्याच खेपेत बरे झाले, तर रूढ प्रतिजैविकाने तेरांपैकी चारच. फरक एवढा स्पष्ट होता की प्रयोग मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. अमेरिकेत 2022 आणि 2023 मध्ये अशा उपचाराच्या दोन तयार औषधांना मान्यताही मिळाली. मात्र 2019 मध्ये तेथेच, दात्याच्या विष्ठेतून आलेल्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूमुळे एका रुग्णाचा मृत्यू झाला होता. दात्याची कसून तपासणी त्यानंतर अनिवार्य झाली. अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी हा उपाय अद्याप प्रयोगाच्याच पायरीवर आहे.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. निरोगी म्हणजे कोण? अमेरिकेतील टपालाने आलेल्या नमुन्यांना निरोगी माणसाचे माप मानले, तर सोलापूरच्या किंवा कोल्हापूरच्या भाकरी-वरण खाणाऱ्या माणसाला ते माप कसे लागू पडेल? पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेत योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यांतील जिवाणूंचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या दोन कुळांचे भारतीयांतील आधिक्य त्यांनी 2016 मध्ये दाखवून दिले. धान्य आणि वनस्पतिजन्य तंतूंचा आहार घेणाऱ्या समाजांत प्रिव्होटेला विपुल असतो, हे इतर देशांतही दिसले आहे. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या कुटुंबातील रुग्णाचा नमुना परदेशी मापाशी ताडून त्याला बिघडलेला ठरविणे ही चूक होईल. येथील रुग्णांचे आणि येथील निरोगी माणसांचे, दोघांचेही नमुने लागतील. आणि ते द्यावे लागतील आपल्यातल्याच कोणाला तरी.

औषधविक्रीच्या व्यवसायात असलेल्या कुटुंबांचा या विषयाशी संबंध आणखी जवळचा आहे. 1 मार्च 2014 पासून अनेक प्रतिजैविके अनुसूची एच-1 मध्ये आली. त्यांची विक्री डॉक्टरच्या चिठ्ठीवरच करायची, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव, औषध व त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची, असा नियम आहे. ओळखीच्या गिऱ्हाइकाला सर्दीतापावर चिठ्ठीवाचून दोन दिवसांच्या गोळ्या देण्यात सौजन्य वाटते. पण त्या दोन दिवसांत आतड्यातील वस्तीतून जे उठले आणि औषधाला पुरून उरले, तेच जंतू सोबत घेऊन तो माणूस उद्या अतिदक्षता विभागात दाखल होऊ शकतो. काउंटरवरच्या त्या वहीतील रिकाम्या ओळी खाटेजवळच्या अहवालात भरून निघतात.

आता पुन्हा त्या कागदाकडे. रुग्ण बेशुद्ध असताना त्याच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधी म्हणून जवळच्या नातलगाने संमती द्यावी, अशी तरतूद भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नीतितत्त्वांत आहे. सहभाग पूर्णतः ऐच्छिक असतो. नाही म्हटल्याने उपचारात फरक पडता कामा नये, आणि दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते. सही करण्यापूर्वी काही प्रश्न अवश्य विचारावेत. नमुना नेहमीच्या स्वच्छतेच्या वेळीच घेणार, की त्यासाठी रुग्णाला वेगळे हलवावे लागेल? रक्तही काढणार का? नमुने कोठे आणि किती वर्षे गोठवून ठेवणार, परदेशी पाठविणार का? नावाऐवजी संकेतांक वापरणार ना? जिवाणूंबरोबर रुग्णाचे स्वतःचे जनुकही वाचले जाणार का? हा शेवटचा प्रश्न टाळू नये, कारण काडीवर जिवाणूंबरोबर मनुष्याच्या पेशीही येतात. अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आहे काय, हेही कागदावर छापलेले असायला हवे. आणि खर्च? संशोधनासाठी घेतलेल्या नमुन्याचा एक रुपयाही रुग्णाच्या बिलात येता कामा नये.

वडिलांसाठी मुलाने सही केली, म्हणून विषय संपला असे मात्र नाही. रुग्ण शुद्धीवर आला, बोलू-समजू लागला, की तोच कागद त्याच्यापुढे पुन्हा ठेवावा लागतो. तेव्हा तो स्वतः होकार देऊ शकतो, किंवा गोठवून ठेवलेले आपले नमुने यापुढे वापरू नयेत, असेही सांगू शकतो.